कुत्र्यांच्या रानातलं घर

आमच्या हेन्रीला कुठलीच गोष्ट अर्धवट करता येत नाही, मूर्खपणासुद्धा नाही. म्हणून आम्ही घर घेतलं ते थेट पोलंडमध्ये. तेही भर शहरात नाही, शहराच्या वेशीवर, जिथे एके काळी मेलेल्या सैनिकांवर कुत्री तुटून पडली होती अशा जागी. आणि हे घर आम्ही दोघांनी मिळून एकदाच पाहिलं. दुबईत, अल कुसैसच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका शेडमध्ये, टेबलावर.

हेन्री मॉडेलमेकर आहे. बिल्डर लोक इमारत बांधायच्या आधी तिची छोटी हुबेहूब प्रतिकृती गिऱ्हाइकाला दाखवतात ना, ती करणारा. २००८ सालच्या सुरुवातीला दुबईत या लोकांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. ज्याच्या त्याच्या तोंडी टॉवर, आणि टॉवर म्हटला की आधी त्याचं मॉडेल. शेडमध्ये दोन पाळ्या चालायच्या. हेन्री घरी यायचा तेव्हा त्याच्या केसांत अॅक्रिलिकचा पांढरा भुसा असायचा आणि बोटं गोंदाने खरखरीत झालेली असायची. मी दुबईच्याच देरा भागातल्या एका हॉटेलात हाउसकीपिंग सुपरवायझर. दिवसभर परक्यांच्या पलंगांवरच्या चादरी ताणायच्या आणि घरी येऊन नवऱ्याच्या उशीवरचा भुसा झटकायचा, असा माझा संसार. आमची अँजेला त्या वर्षी नववीत गेली.

हे काम हेन्री कुठल्या कॉलेजात शिकला नाही. तो आगाशीचा. आमच्या वसईकडे नाताळात वाडीवाडीत गोठे करतात, येशूच्या जन्माचे देखावे, आणि त्यांच्या स्पर्धा लागतात. हेन्रीला मिसरूड फुटायच्या आधीपासून वाडीचा गोठा तोच करायचा. त्याच्या गोठ्यात बेथलेहेम नावालाच, बाकी सगळी आगाशी. केळीच्या बागा, रहाट आणि घरामागचं बावखल. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं, ते तो आरशाच्या तुकड्याचं करायचा. एकदा फादर म्हणाले, बेथलेहेमात बावखल नव्हतं रे. तर हा म्हणाला, मग गायीने पाणी कुठे प्यायचं? नियम मात्र तो एकही मोडत नसे. चोवीस तारखेच्या रात्रीची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, होईपर्यंत गव्हाणी रिकामी ठेवायची, आणि मिस्सेहून आल्यावर घरातल्या सगळ्यात धाकट्याने बाळ येशूला तिच्यात निजवायचं. अल कुसैसच्या आमच्या दोन खोल्यांतही दर वर्षी गोठा व्हायचा आणि बाळ अँजेला ठेवायची.

त्या वर्षी मार्चमध्ये शेडला मोठी ऑर्डर आली. दुबईतल्याच एका डेव्हलपर कंपनीला पोलंडमधल्या व्रोत्सवाफ शहराच्या कडेला वसाहत उभारायची होती. जागेचं नाव प्शे पोले. मला ते ऐकून कुणी शिंकल्याचा भास झाला. हेन्री आंघोळ करताना, बूट घालताना ते नाव घोटत बसला. अर्थ विचारला तर म्हणाला, कुत्र्यांचं रान.

जागा समजावून द्यायला तिथली एक आर्किटेक्ट आली होती, ग्राझिना नावाची. मधल्या वयाची, जन्माने प्शे पोलेचीच. ती शेडमध्ये नकाशे आणि फोटो पसरून बसायची आणि हेन्री तिला इतके प्रश्न विचारायचा, की त्या बाईचा चहा रोज गार व्हायचा. शेडमध्ये जे ऐकलं ते जेवताना आमच्या ताटात. नऊशे वर्षांपूर्वी जर्मन राजा तिथे पोलंडच्या राजाशी लढायला आला, हरला आणि आपली मेलेली माणसं तशीच टाकून निघून गेला. प्रेतांचा असा खच, की रानोमाळची कुत्री जमली. म्हणून ते नाव. ही दंतकथा आहे, इतिहासवाले मानत नाहीत, असं ग्राझिनाने बजावलं होतं. मी विचारलं, त्या हरलेल्या राजाचं नाव काय? हेन्रीने भातावर कालवण ओतलं आणि खाली मान घालून म्हणाला, हेन्री. पाचवा. अँजेला ठसका लागेपर्यंत हसली. मीही हसले. देव माणसाला इशारे देतो ते असे कालवणात मिसळून देतो, आपण भाताबरोबर खाऊन टाकतो.

पुढचा भूगोल असा. प्शे पोले हे पूर्वी स्वतंत्र छोटं गाव होतं. त्याचा स्वतःचा बाजारचौक, स्वतःचं चर्च, शेजारून विदावा नावाची लहानशी नदी, आणि चहूकडे शेतं. तेव्हा तो सगळा मुलूख जर्मनांचा. शेजारचं शहर फुगत फुगत आलं आणि १९२८ साली त्याने गावाला पोटात घेतलं. हेन्री म्हणाला, आधी गाव, मग वॉर्ड, मग नुसता बसचा स्टॉप. मी म्हटलं, यात नवल ते काय? आपल्याकडे वसई-विरारची महानगरपालिका करायचं घाटतंय, आगाशीचाही उद्या स्टॉप होईल.

मग युद्ध आलं. युद्ध संपल्यावर तो मुलूख पोलंडला मिळाला आणि तिथल्या जर्मनांना घरंदारं सोडून जावं लागलं. त्यांच्या घरांत पूर्वेकडून आलेली पोलिश माणसं राहायला आली, ज्यांची स्वतःची गावं रशियाने घेतली होती. ग्राझिनाची आजी अशीच आली. तिला जे घर मिळालं त्यात कपाटात जर्मन बाईची सुपाची ताटं होती, खुंटीवर तिचा एप्रन होता. आजीने कितीतरी वर्षं आपली बोचकी सोडलीच नाहीत. घरमालकीण उद्या परत येईल आणि आपल्याला उठवेल, ही धाकधूक. ग्राझिना म्हणाली होती, आमच्या प्शे पोलेत कुणाचंच घर त्याचं स्वतःचं नाही.

हे सांगून हेन्रीने आमच्या कपाटाच्या माथ्यावर पाहिलं. तिथे टीव्हीचा खोका होता, मिक्सरचा होता, इस्त्रीचासुद्धा होता. गल्फमध्ये कुणीच खोके टाकत नाही. कधी व्हिसा कॅन्सल होईल आणि कधी सामान बांधावं लागेल, काय सांगावं? आम्ही अठरा वर्षं तसेच राहत होतो. मला त्या म्हातारीची दया आली नाही, ओळख पटली.

आता मॉडेलच्या धंद्याची एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिथेच घसरलं. मॉडेलमध्ये जे विकायचं असतं तेवढंच रंगीत करतात. त्याला काचा, बाल्कन्या, झाडं, आतून दिवे. आजूबाजूला जे आधीपासून उभं आहे त्याचे नुसते पांढरे ठोकळे. गिऱ्हाइकाची नजर तिकडे जाताच कामा नये. पण गोठे करून वाढलेल्या माणसाला पांढरा ठोकळा सोसवत नाही. हेन्रीने बाजारचौकाला फरशा बसवल्या, जुन्या घरांना उतरती लाल छपरं दिली, विदावा नदीला आरशाचं पाणी केलं. ग्राझिनाच्या आजीच्या घराला हिरवं दार लावलं. मुदीर, म्हणजे शेडचा मॅनेजर, भडकला. "हेन्री, ये सब कौन देखेगा? बिल्डिंग पे ध्यान दो, खलास." हेन्री मान डोलवायचा आणि जेवणाच्या सुट्टीत पुन्हा छपरं रंगवायचा. एकदा मी शेडवर त्याचा डबा घेऊन गेले तर हा चिमट्याने तारेची झाडं लावत होता. विचारलं, तर एक झाड दीड दिरहॅमला, म्हणजे सोळा-सतरा रुपये. मी म्हटलं, एवढ्यात आगाशीला केळीचं खरं रोप येतं.

आणि त्यातच ते चर्च निघालं. ग्राझिनाने नकाशावर बोट ठेवून सांगितलं, हे संत याकोबाचं. हेन्री त्या दिवशी घरी आला तो बूट न काढता सोफ्यावर बसला. आमच्या आगाशीच्या चर्चचा संतही याकोबच. त्याचा बाप्तिस्मा तिथला, आमचं लग्न तिथलं, सासू-सासरे तिथे पुरलेले. तो म्हणाला, लुसी, हजारो मैलांवरचं एक अनोळखी गाव माझ्या टेबलावर येतं आणि त्याचा पाठीराखा आपलाच संत निघतो, हे उगाच नाही. मी म्हटलं, संतांची नावं मोजकीच, चर्चं लाखो, कुठेतरी जुळणारच. पण ज्याला बोलावणं आल्यासारखं वाटतं त्याला हिशोब ऐकू येत नाही.

डेव्हलपरच्या ऑफिसात शहनाझ नावाची सेल्सवाली होती. मुंबईचीच, नागपाड्याची, जिभेवर साखर. मॉडेलचं काम कुठवर आलं ते बघायला ती शेडमध्ये यायची. "हेन्री अंकल, आपने बनाया और आप ही नहीं लोगे?" असं ती एकदा हसत हसत बोलून गेली. बी पडायला तेवढं पुरतं.

आमचं आगाशीला सामाईक घर होतं. अर्धं मोठ्या दिरांचं, अर्धं आमचं, मागे वाडी आणि बावखल. म्हातारपणी तिथे जाऊन राहायचं, हे न बोलता ठरलेलं होतं. गल्फमध्ये माणूस कितीही वर्षं राहो, साठीला त्याला परत जावंच लागतं आणि परत जायला जागा लागते. हेन्रीचं म्हणणं, तिथे दादा कुटुंबकबिल्यासह राहतो, आपण गेलो तर पाहुणेच. वाटा त्यालाच देऊ आणि ते पैसे प्शे पोलेच्या फ्लॅटमध्ये घालू. अँजेला युरोपात शिकेल, आपण संत याकोबाच्या सावलीत राहू. मी महिनाभर भांडले. भाषा येत नाही, हाडं गोठवणारी थंडी, मासे मिळणार नाहीत, तुझं डोकं फिरलंय, सगळं बोलून झालं. मोठ्या दिरांनी तर फोनवर विचारलं, पोलंड म्हणजे हॉलंडच्या पलीकडे का?

मग पंचवीस जुलै आली, संत याकोबाचा सण. नेमका शुक्रवार. इकडे शुक्रवारी सुट्टी, त्यामुळे रविवारची मिस्साही आम्ही शुक्रवारीच ऐकतो. मिस्सेहून निघाल्यावर हेन्री म्हणाला, घरी जायच्या आधी शेडवर चल, भांडायचं असेल तर बघून भांड. शेडमध्ये कुणी नव्हतं. एसी बंद, घामाच्या धारा. मधल्या मोठ्या टेबलावर प्शे पोले होतं. त्याने लाइट घालवला, शटर खाली ओढलं आणि टेबलाखालचं एक बटण दाबलं. सगळ्या अंधारात एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर एकच खिडकी उजळली.

"ती आपली," तो म्हणाला.

खिडकीला नखाएवढी बाल्कनी होती. बाल्कनीतून थेट चर्च दिसत होतं, त्याच्या मागे आरशाची नदी. मी वाकून पाहिलं. सांगायला हरकत नाही, मला ते घर फार आवडलं. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या खोल्यांचे पडदे सरळ केले, पण माझ्यासाठी म्हणून कुणी दिवा लावून ठेवलेली ती पहिलीच खिडकी. मी विचारलं, ऊन सकाळचं येतं का? हेन्री म्हणाला, पूर्वेलाच आहे, मी बघूनच निवडलीय. आमचं भांडण तिथे संपलं.

ऑगस्टमध्ये हेन्री आगाशीला जाऊन वाट्यावर सही करून आला. मोठ्या दिरांनी त्याला निघताना केळीचा घड दिला, तो कस्टममध्ये काढून घेतला. जी काय शिल्लक होती ती आणि वाट्याचे पैसे मिळून फ्लॅट बुक झाला. मग बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. मला पडदे पिवळे हवे होते, हेन्रीला निळे. अँजेला इंटरनेटवर बर्फाचे फोटो बघायची. मी तिला विचारलं, एवढ्या थंडीत राहशील का गं? "इट्स युरोप, मम्मा. एव्हरीवन मॅनेजेस," ती म्हणाली. शेजारच्या मनोरमाताईंना मी सांगून टाकलं, की आमचं रिटायरमेंटचं ठरलं. त्या पुण्याच्या. त्यांनी घर पाहावं बांधून वगैरे म्हण ऐकवली. आम्ही कुठे बांधत होतो? ते आपोआप बांधलं जाणार होतं.

ऑक्टोबरात मोठं प्रॉपर्टी प्रदर्शन भरलं. हेन्री टाय लावून मॉडेलशेजारी उभा राहिला. गर्दी होती, पण ती सरबताभोवती. लोक फोनवर बोलत होते आणि बोलता बोलता त्यांचे चेहरे उतरत होते. अमेरिकेत कुठली तरी बँक बुडाली होती. हेन्री म्हणाला, अमेरिकेतल्या बँकेचा आणि प्शे पोलेचा काय संबंध? मलाही तेच वाटलं. नोव्हेंबरात माझ्या हॉटेलच्या दोन मजल्यांना कुलूप लागलं. शेडची दुसरी पाळी बंद झाली. प्रदर्शनातून परत आलेलं मॉडेल कुणी न्यायलाच आलं नाही. शहनाझ आधी "इन्शाल्ला, अंकल, जनवरी में काम शुरू" म्हणत होती, मग फोन उचलेनाशी झाली. आम्ही दोघं त्या ऑफिसात गेलो, तर काचेच्या दाराला साखळी आणि आत एका खुर्चीवर तिची शाल. वॉचमन म्हणाला, मॅडम तर गेल्या. ती बिचारीही आमच्यासारखीच नोकर, तिला तरी काय दोष द्यायचा.

तरीही हेन्रीचा विश्वास ढळला नाही, आणि इथेच मला त्याचा खरा राग येतो. तो म्हणायचा, ऑफिस बंद झालं म्हणून जागा कुठे जाते? गाव तिथेच आहे, नदी तिथेच आहे, चर्च तर सहाशे वर्षं टिकलंय म्हणे. मी त्याच्या डोळ्यांत बघायची आणि गप्प बसायची. कारण मलाही ती खिडकी दिसत होती.

जानेवारीत ग्राझिनाचा फोन आला. ती कधीच मायदेशी परतली होती. तिला आईसाठी मॉडेलमधल्या त्या हिरव्या दाराच्या घराचा फोटो हवा होता. हेन्री खूश झाला, स्पीकर लावला. इकडचं तिकडचं बोलून त्याने विचारलं, आमच्या बिल्डिंगचा पाया कुठवर आला? मग ती सावकाश बोलली, इंग्रजीत, पण आम्हाला शब्द न् शब्द कळला. तिथे पाया नव्हता. तिथे म्हाताऱ्या माणसांच्या बागा होत्या, लहान लहान तुकडे, प्रत्येकात लाकडी खोपटं, टोमॅटो, काकड्या, करवंदासारखी कसली तरी झुडपं. कंपनीने ती जागा विकतच घेतली नव्हती, नुसती बोलणी चालली होती. आम्ही बुकिंग केलंय हे ऐकून ती घाबरलीच.

"मला वाटलं तुम्हाला माहीत असेल," ती म्हणाली. "मॉडेल तर तुम्हीच बनवलंत ना."

हेन्रीने फोन ठेवला. मग बराच वेळ तो आपल्या हाताच्या बोटांकडे बघत राहिला. मला तेव्हा कळलं, की आमची चूक नेमकी कुठे झाली. इतर कुणी पांढरे ठोकळे ठेवले असते तर ते सगळं खोटंच दिसलं असतं, आणि आम्ही वाचलो असतो. हेन्रीने आजूबाजूचं गाव इतकं खरं केलं, की मधलं खोटं घरही त्याच्या आधाराने खरं झालं. त्याला फसवायला शहनाझ लागलीच नाही.

तक्रार, वकील, दूतावास, हे सगळं झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर, आणि दर खिडकीवर आमच्यासारखे पंधरा लोक. पुढच्या जुलैत तिकडे वसई-विरारची महानगरपालिका झालीच. गावांनी मोर्चे काढले, मोठे दीरही गेले म्हणे झेंडा घेऊन. पण वर्ष सरायच्या आत त्यांनी सगळी वाडी एका बिल्डरला देऊन टाकली. त्यांचाही नाइलाज असेल. दोन्ही बाजूंनी इमारती आल्यावर मधे केळी लावून काय करणार? आधी बावखल डबराने बुजवलं, मग घर पाडलं. तिथे सात मजली बिल्डिंग उभी राहायला लागली. खरी, सिमेंटची. दिरांना त्यात दोन फ्लॅट. आमचा वाटा आम्ही आधीच सोडलेला. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं, असं मी म्हटलं, तर हेन्री म्हणाला, धुपाटणं तरी कुठेय?

२०१०च्या ऑक्टोबरात शेड बंद पडली. हेन्रीला उम्म अल कुवैनला एका साइनबोर्डच्या कारखान्यात काम मिळालं, दुकानांच्या पाट्या कापायचं. मिळालं हेच नशीब, नाहीतर व्हिसा संपून महिनाभरात चालतं व्हायचं होतं, आणि चालतं होऊन जायचं कुठे हा प्रश्न होता. मुदीर शेवटच्या दिवशी म्हणाला, जुनी मॉडेलं कचऱ्यात जाणार आहेत, कुणाला हवं ते घेऊन जा. एवढी मोठी मॉडेलं चार तुकड्यांची असतात, खालून नटबोल्टने जोडलेली. आमच्या दोन खोल्यांत एकच तुकडा मावणार होता. हेन्री पिकअपवाल्याला घेऊन गेला.

मी दार उघडून उभी होते. त्यांनी तो तुकडा आडवा करून आत आणला, सोफा भिंतीला सरकवून जमिनीवर ठेवला. मी चौथा मजला शोधायला लागले. चर्च होतं. बाजारचौक होता, नदी होती, हिरव्या दाराचं घर होतं. कडेला रिकामी प्लायवूडची पट्टी आणि स्क्रूची भोकं.

"आपलं घर कुठाय?" मी विचारलं.

"कचऱ्यात," हेन्री म्हणाला. "ते तिथे नव्हतंच, लुसी."

मी त्याला नाही नाही ते बोलले. आमच्याकडे त्या घराचं दुसरं काहीच नव्हतं. निदान ती खिडकी तरी आणायची, मी ती कपाटात ठेवली असती, बटण दाबून बघितली असती. तो ओल्या फडक्याने चर्चच्या छपरावरची धूळ पुसत राहिला.

डिसेंबर लागला तसा तो कामावरून आल्यावर त्या रिकाम्या पट्टीपाशी बसायला लागला. मला वाटलं, गोठा करतोय. बरं वाटलं. माणूस निदान हात हलवतोय. आगपेटीच्या काड्यांची खोपटं झाली, भुशाचे वाफे झाले, लाल दोऱ्याच्या गाठींचे टोमॅटो झाले. फोनवर ग्राझिनाने सांगितल्या होत्या त्या म्हाताऱ्यांच्या बागा, जशाच्या तशा. एका बागेत त्याने पाणी घालणारी म्हातारी ठेवली. बावखल कुठेच केलं नाही. मी रोज बघायची, की गायबैल कधी येतात, मेंढपाळ कधी येतात, गव्हाणी कधी येते. मूर्तींचा डबा मी कपाटावरून काढून त्याच्याजवळ ठेवला होता. त्याने तो उघडलाही नाही.

त्या वर्षी नाताळ शनिवारी आला. रात्रीच्या मिस्सेला इतकी गर्दी होती, की आम्ही पार्किंगमध्ये उभं राहून ऐकली आणि घरी येऊन तसेच झोपलो. सकाळी मी करंज्यांचं ताट मांडत होते. अँजेला उठून आली. अकरावीत होती, माझ्यापेक्षा उंच झालेली, पण नाताळच्या सकाळी तिचा चेहरा अजून लहानपणीचाच असायचा. तिने डबा उघडला, कापसातून बाळ काढलं, दोन्ही तळव्यांवर घेतलं आणि प्शे पोलेपुढे गुडघे टेकून बसली. मग ती इकडून बघायला लागली, तिकडून बघायला लागली.

"डॅड, व्हेअर डू आय पुट हिम?"

हेन्री खिडकीशी चहा पीत होता. त्याने वळून पाहिलं नाही.

"ठेव कुठेही," तो म्हणाला. "तिथलं कुठलंच घर आपलं नाही."

ती गुडघ्यांवरच पुढे सरकली. चर्चच्या दारात बाळ ठेवून बघितलं, ते दारापेक्षा मोठं होतं. चौकात ठेवलं, तर रस्त्यात कुणी टाकून दिल्यासारखं दिसायला लागलं. खोपटांच्या बागेत तर जागाच नव्हती. शेवटी तिने माझ्याकडे पाहिलं. आईला सगळं सुचतं असं मुलांना वाटतं. मी ताट खाली ठेवलं, तिच्या हातातून बाळ घेतलं, कापसात गुंडाळलं आणि डबा टीव्हीच्या रिकाम्या खोक्यात घालून परत कपाटावर ठेवला.

आता हेन्रीला साठी जवळ आलीय. अँजेला अबुधाबीला नोकरी करते, चार मुलींत एक खोली. आमचा व्हिसा संपला की आम्ही कुठे जाणार, हे आम्ही तिघंही एकमेकांना विचारत नाही. प्शे पोले अजून सोफ्यामागे भिंतीला टेकून उभं आहे. दर डिसेंबरात हेन्री ते जमिनीवर आडवं करतो, मोडलेली झाडं बदलतो, बागांचे वाफे नीट करतो. त्याच सुमाराला मीही तो डबा खाली काढते, बाळ पुसते आणि परत वर ठेवते.